उलटा करून न पाहिलेला बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवाही आहे, पण तो भला, गप्प बसतो. मला ते जमत नाही.

कारखान्यात एका बाईनं माझा तळ चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला. तसा दाबून पाहणारा अंगठा पुन्हा भेटायला मला सतरा वर्षं लागली.

माझे मालक, म्हणजे बाबा, धावपटू होते. एकाच मोसमात त्यांनी माझ्या जिवावर तीन पदकं मिळवली आणि मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बसवलं. दर रविवारी फडक्यानं पुसायचे. वरून. पाहुण्यांना दाखवायचे. तेही वरून. मोठ्या माणसांचं पराक्रमाचं खातं असंच: दर्शनी भाग चकचकीत, खाली काय कुजतंय ते देव जाणे. बूट वापरून झिजतो, पण बसून सडतो. इकडे माझं कौतुक चाललं होतं आणि तिकडे तळाच्या गोंदाची भुकटी होत होती.

मग त्यांच्या लेकीनं कॉलेज सोडलं आणि सकाळी पळायला सुरुवात केली. हळू. इतकी हळू, की कुत्रं फिरवायला निघालेले शेजारचे आजोबा तिला मागे टाकायचे.

"धावपटू नव्हेस तू, पळपुटी आहेस," बाबा म्हणायचे. "कॉलेजातून पळालीस, तेवढंच तुझं पळणं."

"तुम्ही शेवटचा जिना कधी चढलात?" ती विचारायची.

एका जेवणात ठिणगी पडली. "दहा किलोमीटरची शर्यत माझ्या बुटांत पुरी कर. तुला धावपटू म्हणेन, कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर सोमवारी मुकाट्यानं वर्गात."

"अहो, तिचे बूट आहेत की," आई म्हणाली.

"ते भाजी आणायला जायचे बूट."

शर्यतीच्या सकाळी दोन-दोन मोजे चढवून तिनं आम्हाला घातलं. पहिल्याच किलोमीटरला माझ्या टाचेत काहीतरी कुरकुरलं.

तिच्या मागे फक्त एक गाडी होती, मागे राहिलेल्यांना उचलणारी. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ताई, बसा आता. शेवटच्या आहात."

"मी मागून दुसरी, दादा. शेवटचे तुम्ही."

तो हसला आणि गाडी आणखी हळू केली.

पुलावर माझी टाच दोन बोटं उघडली. फट्, फट्. वेगात पळणाऱ्याला ऐकूच आलं नसतं. ती कठड्याशी बसली, मला काढून उलटा केला, तळ अंगठ्यानं दाबला. पिवळी भुकटी सांडली.

पुलावरच उभे असलेले बाबा तरातरा आले. "बसलीस? पळपुटी ती पळपुटीच!"

"बाबा, तळ सुटतोय. बघा तरी."

"नाचता येईना अंगण वाकडं! या बुटांनी तीन पदकं..."

"मग घाला तुम्हीच." आम्हा दोघांना तिनं त्यांच्या छातीवर आपटलं आणि मोज्यांवरच निघाली. हळू. आपल्याच चालीनं. गाडी तिच्यामागे सरकू लागली.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. "थांब, खरं पळणं म्हणजे काय ते दाखवतो!" त्यांनी चपला भिरकावल्या, आम्हाला चढवलं, नाड्या करकचून आवळल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा उजवा बोलला: "आता रे?"

आता उतार लागलाय. खाली वळण, वळणावर लोखंडी कठडा. बाबा सुसाट निघालेत. त्यांनी गाडी ओलांडली, लेकीला ओलांडलं. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय. माझा तळ फक्त अंगठ्याएवढ्या जागेवर तग धरून आहे.

फट्, फट् ऐकून मागून ती ओरडते, "बाबा, हळू!"

त्यांना तो टोमणा वाटतो. ते आणखी जोर लावतात.

बाबा, ऐका तिचं. हळू पळणाराही पळतच असतो हो. एकदा, एकदाच खाली बघा माझ्याकडे.

ते समोर बघताहेत. पदकं मिळवताना बघायचे, तसेच.