वरच्या फळीवर वाळुंज, खालच्या फळीवर डॉल्फिन

मित्रांनो, मी मुरगूडच्या एका शाळेतलं सागवानी काचकपाट आहे. वय पन्नाशीच्या पुढं. बिजागऱ्या कुरकुरतात आणि उजव्या दाराची काच दोनदा बदललेली आहे.

माझ्या वरच्या फळीवर वाळुंजाची वाळवलेली फांदी होती. हे वाळुंज वेदगंगेच्या काठी झुडपासारखं वाढतं. खालच्या फळीवर हातभर लांबीचा, शाडूचा डॉल्फिन होता. गणपती करणाऱ्या कृष्णात कुंभारांनी तो घडवला. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. चित्रावरून अंग जमलं, पण डोळे त्यांनी सवयीनं गणपतीचेच आखले.

अनुजाबाई विज्ञान शिकवायच्या. दरवर्षी त्या फळ्यावर ‘फरक स्पष्ट करा’ असं लिहून मधोमध रेघ ओढायच्या. डावीकडे वाळुंज, उजवीकडे किनाऱ्यालगतचा लहान डॉल्फिन.

“झाडाची नि माशाची कसली तुलना, बाई?” कुणीतरी विचारायचंच.

“आधी तो मासा नव्हे. श्वासाला वर यावं लागतं त्याला.”

मग त्या साम्य सांगायच्या. दोघंही काठ सोडून लांब जात नाहीत. काठ बिघडला की दोघंही संपतात. फरक शेवटी यायचा. वाळुंजाची ओली फांदी मोडून चिखलात खोवली तर तिला पालवी फुटते. डॉल्फिनच्या मादीला मात्र एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतरानं.

निवृत्तीनंतरही बाई या एका तासासाठी येत. यंदा मुख्याध्यापक विश्वजितसर त्यांना म्हणाले, “ही खोली संगणकांना हवी आहे. पण तुमचा तास मुलांना भावला, तर कपाट इथंच ठेवू.” तास अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी ठरला.

त्याआधी झाडलोट करताना डॉल्फिनचा पाठीवरचा पर तुटला. शाळेच्या सेविका झुंबरबाईंनी तो तुकडा पदरानं पुसला. शाडूची मूर्ती भंगली की घरात ठेवत नाहीत, एवढं त्यांना ठाऊक होतं. चतुर्दशीला अंगणात गूळ शिजवायची मोठी काहील पाण्यानं भरून शाळेचा गणपती तीत सोडला. पाठोपाठ झुंबरबाईंनी डॉल्फिनला हळदकुंकू लावलं आणि त्यालाही सोडलं. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. संध्याकाळी तळाशी नुसता गाळ होता.

सोमवारी बाईंनी माझं दार उघडलं.

“झुंबरबाई, डॉल्फिन कुठं आहे?”

“सोडला की काहिलीत. पर मोडलाता त्येचा. भंगल्यालं ठेवू न्हाय, बाई.”

“मला विचारायचं तरी.”

“त्यात काय इचारायचं? डोळं तर गणपतीचंच हुतं की.”

बाईंनी फळ्यावर रेघ ओढली. डावी बाजू लिहून झाली. उजवीकडे खडू टेकला आणि तिथंच राहिला. मुलं माझ्या रिकाम्या फळीकडे बघत होती.

“नवा करून घेऊया की, बाई,” मागून एक मुलगी म्हणाली.

“कृष्णातकाका वारले, बाळ.”

तास पंधरा मिनिटांत संपला. वाळुंजाची फांदी बाई वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन गेल्या.

आता खोलीत संगणक आहेत आणि मी व्हरांड्यात उभं आहे. माझ्या पोटात रस्सीखेचीचा दोर आणि मैदान आखायच्या फक्कीची पोती आहेत. वाईट वाटतं का, असं विचाराल, तर काहीच वाटत नाही. कुणी काच पुसली काय नि नाही पुसली काय, सारखंच.

झुंबरबाईंना बोल लावू नका. त्यांनी भक्तीनंच केलं. मात्र मित्रांनो, मोडलेल्या वस्तूचा निरोप घेण्याआधी ती कुणाला हवी आहे का, एवढं विचारत जा. बोटभर डिंकानं तो पर बसला असता.