चाळीस डॉलरची दया

वर्ना टिबेट्स पत्ते टाकून डाव सोडत नाही, हे रीनोत पोकर खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हातात दुर्री आणि सत्ती असली तरी ती शेवटपर्यंत पैसे भरायची. का, म्हणून विचारलं की म्हणायची, "तुझ्याकडे काय आहे ते बघायला नको?" अशा माणसापुढे थाप मारणारा शुद्ध गाढव. गप्प बसायचं, चांगले पत्ते आले की लावायचे, आणि मनाला लाज वाटेल त्याहून जरा जास्तच लावायचे, कारण समोरून ते येणारच असतात. सात वर्षं मी एवढंच केलं. वॉशिंग मशिनं उचलून उचलून पाठ कामातून गेली, तेव्हापासून माझं घरभाडं, गाडीचा विमा आणि खालची कवळी वर्ना आणि तिच्यासारख्या चार-पाच पेन्शनरांच्या पैशातून झाली. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ज्याला वाटतं त्याने या धंद्यात पडू नये.

वर ती बाई मला घरी केलेला केळ्याचा ब्रेड आणून द्यायची. तोही मी खायचो.

त्या मंगळवारी सकाळी टेबल सुरू होण्याआधी ती मला कॅसिनोतल्या कॉफीच्या यंत्रापाशी भेटली. नवऱ्याचा, म्हणजे अर्लचा, ट्रक विकून जे पैसे आले होते त्यातले शेवटचे तीनशे डॉलर आज पर्समध्ये आहेत, असं तिने सांगितलं. ते संपले की इथे येणं बंद. मग बॉइझी शहरात राहणाऱ्या मुलाला फोन करायचा आणि त्याच्याकडे जाऊन राहायचं. त्याने तळघरातली खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती.

"खिडकी पार छताला लागून आहे," ती म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात."

मी कॉफीत साखर ढवळत राहिलो. हे तिने मला सांगायला नको होतं. गिऱ्हाइकाच्या घरची हकीकत दुकानदाराने ऐकू नये.

अकरा वाजेपर्यंत तिचे दोनशे गेले, बहुतेक डेक्स्टरकडे. डेक्स्टर पूर्वी घरं विकायचा आणि अजूनही प्रत्येकाकडे तसाच बघायचा. मग माझ्या हातात दोन राजे आले. सगळ्यांसाठी टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत उरलेले दोन राजेही पडले. मी वीस लावले. बाकीच्यांनी पत्ते टाकले, वर्नाने वीस भरले. चौथ्या पत्त्याला मी चाळीस लावले, तिने चाळीस भरले. पाचवी आली चौकटची तिर्री. वर्नापुढे आता आठ लाल चिप्स उरल्या होत्या, म्हणजे चाळीस डॉलर. तिने टेबलावर टकटक केलं: मी लावत नाही, तुझी पाळी.

माझ्या चार राजांना हरवेल असा हात त्या डावात कोणाकडे असणंच शक्य नव्हतं. मी नुसतं "चाळीस" म्हणायचं होतं. तिने ते हसत दिले असते आणि पर्स मिटून घरी गेली असती.

मीही टेबलावर बोटं वाजवली.

पत्ते उलटले. तिच्याकडे सत्तीची जोडी होती. डीलरने मधला ढीग माझ्याकडे सरकवला. खरं म्हणजे राजे न दाखवताच फेकून दिले असते, तर तो सगळा ढीग तिला मिळाला असता आणि कोणाला कळलंही नसतं. हे मला सुचलं होतं. माझी दया चाळीस डॉलरची होती, दीडशेची नव्हती.

डेक्स्टरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आमच्या कॅसिनोचा नियम आहे: शेवटची पाळी तुमची आणि हात न हरणारा, तर पैसे लावलेच पाहिजेत, नाहीतर दोघांची मिलीभगत धरतात. त्याने लॉरेटाला बोलावलं. लॉरेटा तिथली सुपरवायझर, मला चांगली ओळखणारी. तिने सुटायची वाटही काढून दिली.

"लाइल, पत्ते वाचायला चुकलास ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मला आयुष्यात एकदाच दया आली होती आणि ती चार लोकांना दिसावी अशी माझी हौस. मी म्हणालो, "नाही. मला यांचे पैसे नको होते."

लॉरेटाने मला तीस दिवसांसाठी बाहेर काढलं. वर्नाला काही केलं नाही. वर्ना मात्र माझ्याकडे बघत होती, आणि तो चेहरा मी सात वर्षांत पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं होतं तुला?" ती म्हणाली. "डॉक्टर माझ्यासमोर माझ्या मुलाशी बोलतो. बँकेतली मुलगी माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलते. तू माझ्याकडून पुरते पैसे घ्यायचास. मला वाटायचं, हा एक माणूस तरी मला खेळाडू समजतो."

मी तिला खेळाडू कधीच समजलो नव्हतो. मी तिला माझा पगार समजत होतो. पण हे सांगण्याइतका मी वाईट नाही, किंवा तेवढा धीर माझ्यात नाही.

मी चिप्स ट्रेमध्ये भरेपर्यंत पुढचा डाव वाटून झाला. डेक्स्टरने चाळीस लावले. साऱ्या टेबलाला कळत होतं की त्याच्याकडे पत्ते आहेत. वर्नाने आठही चिप्स पुढे ढकलल्या. डेक्स्टरकडे एक्क्यांची जोडी निघाली. त्याने चिप्स ओढून घेतल्या आणि वेट्रेसला सूप कुठलं आहे ते विचारलं.

आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो. पार्किंगमध्ये ऊन चटचटत होतं. मी माझ्या गाडीतून तिला घरी सोडतो म्हणालो, तिने बस आहे म्हणून सांगितलं. मग मी खिशातून शंभर डॉलर काढले. तिने नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते चाळीस जायचेच होते रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे गेले असते, तर मला बरं वाटलं असतं."