ओढ्याअलीकडची बोरवाडी

“शीवच राहिली न्हाई, तर शिवपूजा कशाची घालतोस, बद्रीनाथ?”

सांगवीच्या चावडीत भगवानराव पाटील लोडाला टेकून हसत म्हणाले, आणि आमचे दाजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. मला अशी चीड आली म्हणता! मी मुलीचा मामा. लग्न तोंडावर आलेलं, घरोघर आवतणं गेलेली, आणि मुलीचा बाप असा बसलेला.

दाजी म्हणजे माझ्या मंजुळाक्काचे यजमान. त्यांची बोरवाडी म्हणजे ओढ्याच्या अलीकडची मूठभर घरं, पलीकडे सांगवी. दाजी जन्मले तेव्हा ती देवळगावात मोडायची. त्यांना मिसरूड फुटलं तेव्हा ती कुणा जहागीरदाराच्या गावाला जोडली. जहागीर गेली, वाडी परत देवळगावात आली. आणि आता, सत्यभामेची सोयरीक सांगवीच्या पाटलाच्या मुलाशी ठरल्यावर, हैदराबादेत कुणीतरी कागदावर रेघ ओढली आणि बोरवाडी उचलून सांगवीत घातली. तहसिलीचा चपराशी येऊन उर्दूत काहीबाही सांगून गेला. पटवाऱ्याने अर्थ सांगितला, तेव्हा कुठं कळलं. माणसानं आपला उंबरा न सोडता किती गावं बदलावीत?

आता झालं असं, की नवरदेव गावच्या शिवेवर आला की मुलीच्या बापानं त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, फेटा बांधायचा, आणि मग त्याला गावात घ्यायचं, ही शिवपूजा. पण नवरा सांगवीचा आणि नवरीची वाडीही सांगवीचीच, तर मध्ये शीव कुठली?

“आता वाडी बी माझी आन् तू बी माझा,” पाटील म्हणाले. “लगीन माझ्या दारात लावू. मांडव माझा, पंगती माझ्या. तुझा खर्च वाचायलाय, आन् तू तोंड पाडून बसलास कावून?”

खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. मनापासून देत होता. फक्त सोयरीक ठरताना “या व्याही, बसा” म्हणणारा माणूस आता “बद्रीनाथ, बस” म्हणायला लागला होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

“इचार करून सांगतो, पाटील,” म्हणून दाजी उठले.

वाटेत मी त्यांना चांगलंच धारेवर धरलं. “दाजी, एवढं सोन्यासारखं बोलला पाटील. हो म्हना अन् मोकळे व्हा की!”

दाजी ओढ्यात थांबले. वैशाखातला ओढा, नुसती वाळू.

“राधाकिशन, लेक सासरी जाती म्हंजी एका गावातून दुसऱ्या गावात जाती. हितली हितंच राहिली तर तिला माहेर कुठलं? उद्या सासरी काही बोलनं झालं, तर ‘मी माझ्या गावाला जाते’ असं मनाया पोरीला गाव नको?”

मी बोलणं दुसरीकडे वळवलं. बैलांच्या बाजाराला मी नगरकडे, इंग्रजी मुलखात जायचो, तिथलं सांगत बसलो.

“तिकडं बरं हाय बगा. लई शेतसारा भरनाऱ्यांची मतं घेतेत आता. इचारतेत, तुमच्या वतीनं मुंबईच्या कौन्सिलात कोन बसवायचा.”

“आन् शीव कुठं टाकायची, ते इचारतेत?”

“ते कशाला इचारतील?”

“मंग राहू दे,” दाजी म्हणाले आणि चालायला लागले.

त्यांनी पाटलांना निरोप धाडला: लग्न ठरल्याप्रमाणे बोरवाडीत, आमच्या दारात, आणि शिवपूजा ओढ्यावर. पाटलांचा उलटा निरोप आला: वऱ्हाड येईल, पण ओढ्यावर पूजेला कुणी खाली उतरणार नाही. वाट अडवली तर गाड्या माघारी फिरतील.

तो निरोप आला तेव्हा सत्यभामेला हळद लागली होती. आक्काने कपाळावर हात मारून घेतला. “हळद लागलेली पोर हाय! गाड्या फिरल्या तर कोन करील तिला? तुमच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं करता का?”

पिवळीजर्द सत्यभामा आतून बाहेर आली. “आबा, नका जाऊ ओढ्यावर. शीव नसली मनून मी काय माहेरी यायची ऱ्हाते?”

दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वाट न्हाई अडवायचो, बाळा.” म्हणाले.

लग्नाच्या दिवशी ते तांब्या आणि ताट घेऊन ओढ्याकाठी जाऊन उभे राहिले. गुलाबी फेटा मी धरलेला. मनातून माझी पाचावर धारण बसली होती. वाजंत्री वाजवत वऱ्हाड आलं. पाटलांची गाडी सगळ्यांच्या पुढे.

“बाजूला हो, बद्रीनाथ.”

“बाजूलाच हाय, पाटील. नवरदेवाला उतरू वाटलं तर उतरंल. न्हाई तर तुमी चला, मांडव तुमचाच हाय.”

पाटलांनी गाडी हाकायला लावली. मागून घोड्यावर नवरदेव, गहिनीनाथ. त्यानं लगाम ओढला, दाजींकडे पाहिलं, पुढे बापाच्या पाठीकडे पाहिलं, आणि घोडं पुढे काढलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. शेवटची गाडी गेल्यावर दाजींनी तांब्यातलं पाणी वाळूवर ओतलं. “चल, पंगतीचं बगू,” म्हणाले. आणि पंगतीत त्याच पाटलांना हा माणूस आग्रह करकरून वाढत होता! मला ते बघवेना, मी बैलांकडे जाऊन बसलो.

दिवस कलला तशी पाठवणी झाली. आम्ही रडतभेकत गाड्यांच्या मागे ओढ्यापर्यंत गेलो. पाटलांची गाडी पलीकडे चढली होती. तेवढ्यात नवरीची गाडी थांबली, आणि सत्यभामा खाली उतरली. पोरीला भोवळ आली की काय, म्हणून आक्का धावली. पण सत्यभामा नीट दाजींपुढे आली आणि त्यांच्या पाया पडली.

“आबा, आता मी चालत जाते.”

“अगं बाई, गाडीत बस!” सांगवीच्या बाया ओरडायला लागल्या. तिनं ऐकलं नाही. भरजरी शालू आवरत ती वाळूत उतरली. गहिनीनाथ घोड्यावरून खाली आला आणि तिच्याबरोबर चालू लागला. पलीकडच्या काठावर भगवानराव गाडीत उभे राहून बघत होते.

आणि मग आमचे दाजी, ज्यांचा चढा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता, ते ओरडले:

“सत्ते! पंचमीला मुराळी येईल गं!”

सगळं वऱ्हाड खो खो हसलं. हसणारच. लेकीला सणाला माहेरी आणायला मुराळी धाडतात तो लांबच्या गावाला. बोरवाडीतून सांगवी अर्धा कोसही नाही. पण सत्यभामा हसली नाही. तिनं पलीकडून हात वर केला.

त्या पंचमीला मुराळी मीच. आक्कानं वाटेवर खायला शिदोरी बांधून दिली. दाजींनी गाडी धुतली, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या, गाडीत घोंगडं अंथरलं.

“दाजी, तुमी बैल जुंपोस्तर मी तिला चालत घिऊन यीन,” मी म्हणालो.

“गाडीनंच जा.”

गेलो. सांगवीतली माणसं ओट्यावर बसून दात काढत होती, आणि मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाटलांच्या दारात गाडी थांबवली. भगवानराव बाहेर आले. त्यांनी बैलांकडे पाहिलं, गाडीतल्या घोंगड्याकडे आणि शिदोरीकडे पाहिलं. आता हा बाबा काय बोलतो, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

पाटलांनी गड्याला हाक मारली. “आरं, बैल सोड यांचे. वैरन टाक.” मग ते माझ्याकडे वळले.

“या पाव्हणं, बसा. लांबून आलात.”