आडोसा

ओव्हरसियरने नव्या भिंतीत बोट दाबलं, तसं विटांच्या सांध्यातलं ओलं सिमेंट त्याच्या नखाला लागलं.

"परवानगी?"

"हाय की." लंकाबाईने ट्रंकेतून घडी केलेला कागद काढून दिला.

"हे सिमेंटचं परमिट झालं, बाई. मी बांधकामाची परवानगी विचारतोय."

"मग सरकारनं सिमेंट दिलं ते काय खायला?"

पंचवटीतल्या त्या बोळात विटांचा ढीग दिसला, म्हणून नगरपालिकेचा माणूस आत शिरला होता. लांबट घराच्या मधोमध छातीइतकी भिंत उभी राहिली होती. अलीकडे लंकाबाई, पलीकडे तिची धाकटी जाऊ भागीबाई. दोघींचे नवरे कामावर गेलेले. लंकाबाईचा गोरख, लग्नाचा मुलगा, बादलीतून तांब्या तांब्याने भिंतीला पाणी मारत होता. त्याच्या पाण्याखाली वीट हळूहळू लाल होत होती.

पलीकडे भागीबाई तांदूळ पाखडत होती आणि गुणगुणत होती, ऐकू जाईल इतपत:

दोघी जावांच्या मधी गं, भिंत घातली विटांची
वरून वारा मोकळा, त्याला वेस कुण्या गावाची

"ऐकलंत?" लंकाबाई ओव्हरसियरला म्हणाली. "हिच्या जिभेला घालतेय ही भिंत."

गोरखची येवल्याची सोयरीक भागीबाईनेच मोडली होती. सुपारी फुटायच्या दिवशी मुलीच्या आईला मागच्या दारी गाठून तिने सांगितलं होतं, पोराला फेफरं येतं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर लंकाबाईला ते विसरता येत नव्हतं. आता रविवारी कळवणचे पाहुणे यायचे होते. त्याआधी भिंत डोक्याच्या वर जायला हवी होती.

"हे पाहा," ओव्हरसियर म्हणाला, "वाटण्या झाल्या असतील तर ही दोन घरं झाली. मग नकाशा लागेल, परवानगी लागेल. तोवर काम बंद, नाहीतर पाडावं लागेल. एकाच कुटुंबातला आडोसा असेल तर माझं काही म्हणणं नाही. चूल एक आहे की दोन?"

लंकाबाई ट्रंकेचं झाकण लावायला वळली. गेल्या दिवाळीपासून ती पलीकडच्या घरातलं पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

ओव्हरसियरने भिंतीवरून पलीकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, बाई."

भागीबाईने सूप खाली ठेवलं. लंकाबाईने वरच्या थरातली वीट घट्ट धरली. सिमेंट अजून सुकलं नव्हतं. वीट हातात हलली.

"एकच," भागीबाई म्हणाली. "ही काय, माझ्या पुढ्यात. थोरल्या बाईंचं बी हिच्यावरच शिजतं."

"मग हे भांडण कसलं?"

"जावा जावा हाय आम्ही, सायेब. भांडू नाय तर काय करू?"

तो हसला. बोट भिंतीलाच पुसून निघून गेला.

त्याच्या सायकलचा आवाज बोळात विरला.

"उपकार नको दाखवू मला," लंकाबाई म्हणाली.

"उपकार कसले?" भागीबाईने दोन्ही हात भिंतीवर टेकले. "चूल एक म्हटल्यावर रविवारचा सैपाक बी हितंच. पाहुण्यांना वाढायला मी येनार. सरकारी माणसाला सांगून बसलेय, आता शब्द कसा फिरवू?"

"भागे, तिथं तोंड उघडलंस तर जीभ हासडीन."

"हासडा. तवर बोलून झालेलं असंल."

"माझ्या पोराचं वाटोळं करून तुला काय मिळतं गं?"

"पोरगी बी कुनाची तरी असती, बाई."

गोरखने तांब्या बादलीत सोडला. भिंतीवरून पाण्याचे ओघळ दोन्ही बाजूंना उतरत होते.

"काकू," तो म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही. "वाढताना नको सांगू. ताटावर बसायच्या आधी सांग. मीठ खाल्ल्यावर मानसाला उठून जाता येत नाय."