सव्वातीन गुणांनी हुशार

"सर, हा फरक खरा आहे, की चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते तरी एवढाच निघाला असता?"

चेलना बोलून मोकळी झाली आणि मग तिच्या लक्षात आलं की हॉलमधले सगळे पालक माना वळवून आपल्याकडेच बघताहेत. शेजारी पप्पांचे कान लाल झाले होते. मागच्या रांगेत नाजमीन आणि मोनाली एकमेकींचे दंड घट्ट धरून बसल्या होत्या. हा प्रश्न विचारायची पैज त्यांनीच लावली होती, शाळेत डबा खाताना. "तू फक्त आमच्यासमोर वाघीण," नाजमीन म्हणाली होती, "जीवराम सर दिसले की तुझी मांजर होते." वर्षभरापूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर चेलनाने खाली मान घालून डबा संपवला असता. पण यंदा दहावीत आल्यापासून तिच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे!

आणि स्टेजवर होते साक्षात जीवराम सर. शिखरवेध क्लासेसचे संस्थापक, संचालक, मार्गदर्शक आणि क्लासच्या प्रत्येक फ्लेक्सवरचा सगळ्यात मोठा चेहरा. व्यापारी पालक समोर असले की ते इंग्रजी बोलत, असोदा-नशिराबादकडचे शेतकरी असले की अहिराणीत शिरत. दोन्हीकडचे असले की दोन्हींची मिसळ करत, आणि ती कुणालाच नीट कळत नसल्यामुळे सगळेच माना डोलावत.

क्लासच्या शाखा दोन, एक जळगावला आणि एक धुळ्याला. दोन्हीकडे दहावीची वीस-वीस मुलं, पेपर एकच, शंभर गुणांचा. जळगावची सरासरी आली ५८.१०, धुळ्याची ६१.३५. सरांनी त्याचे दोन खांब पडद्यावर दाखवले होते. जळगावचा खांब बुटका, केविलवाणा. धुळ्याचा त्याच्या चौपट उंच. सव्वातीन गुणांत खांब चौपट कसा झाला? सोपं होतं. सरांनी खालचे सत्तावन्न गुण कापूनच टाकले होते. खांबाचे पाय कापायचे आणि डोकी मोजायची, अशी ही पद्धत.

"काय सांगू भाऊ, धुयानी हवाच न्यारी शे!" सर पुढच्या रांगेतल्या एका फेटेवाल्या आबांना म्हणाले होते. मग व्यापाऱ्यांकडे वळून, "डिसिप्लिन! तिथली मुलं होस्टेलला राहतात. मोबाईल नाही, लाड नाहीत. रिझल्ट तुमच्यासमोर आहे. म्हणून अकरावीपासून जळगावची निवडक मुलं आपण धुळ्याच्या निवासी बॅचला पाठवतोय. महिन्यातून एकदा घरी."

निवडकांत चेलना अखिल बोथरा हे नाव होतं. दोन वर्षं धुळ्याला, मोबाईलविना, नाजमीन-मोनालीविना, आणि तेही सव्वातीन गुणांपायी.

सरांनी तिचा प्रश्न ऐकला आणि ते प्रेमळ हसले. अपमान करण्याआधी ते नेहमी प्रेमळ हसत.

"बेटा, मॅथ्समध्ये चिठ्ठ्या नसतात. चिठ्ठ्या तुझी मम्मी टाकते, भिशीत."

हॉलभर हशा पिकला. ते फेटेवाले आबाही हसले. त्यांना ना चिठ्ठ्या कळल्या होत्या, ना सरासरी. चेलना खाली बसली. पैज जिंकली होती, पण गाल चांगलेच तापले होते.

घरी जाताना स्कूटरवर पप्पांनी सुनावलं. "चारचौघांत सरांना उलट बोलायचं? माझ्या दुकानात गिऱ्हाईक असं बोललं तर मी त्याला पातेलं दाखवणंच बंद करीन. रविवारी धुळ्याच्या बॅचला तुझं नाव देऊन टाकतो."

"पप्पा, पण त्यांनी उत्तर कुठे दिलं?"

"एवढा मोठा क्लास चालवतात ते. उत्तर त्यांना ठाऊक असणारच."

म्हणजे क्लास मोठा म्हणून उत्तर खरं! मग भांडी घेताना पप्पा बोटाने वाजवून का बघतात? कारखाना तर क्लासच्या दसपट मोठा असतो. पण हे ती मनातच म्हणाली. स्कूटर पप्पा चालवत होते.

घरी आल्यावर मात्र सरांचा तो भिशीचा टोमणा तिच्या डोक्यात वेगळ्याच रीतीने घुमायला लागला. शाळेत गणिताच्या बारगळ बाईंनी ऑफ तासाला हेच तर सांगितलं होतं: दोन गटांच्या सरासऱ्या हुबेहूब सारख्या कधीच येत नाहीत, थोडा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आपला फरक त्या योगायोगापेक्षा मोठा आहे का, ते आधी तपासायचं. आणि तपासायचा डबा तर घरातच होता!

"मम्मी, तुझा भिशीचा डबा दे."

"कशाला गं? त्यात बायकांच्या चिठ्ठ्या आहेत."

"त्या काढून ठेव. मला सगळं धुळे आणि सगळं जळगाव त्यात घालायचंय."

गुण मिळवायला कुठे जायला नको होतं. जळगावच्या पोरांना लाज वाटावी म्हणून सरांनीच दोन्ही शाखांचे गुण क्लासच्या ग्रुपवर टाकले होते. नाजमीन आणि मोनाली संध्याकाळी आल्या. चाळीस गुणांच्या चाळीस चिठ्ठ्या झाल्या. गावाचं नाव एकीवरही नाही. डबा खडखडवायचा, डोळे मिटून वीस चिठ्ठ्या काढायच्या, त्यांना म्हणायचं जळगाव. उरल्या त्या धुळे. दोन्हींची सरासरी, दोन्हींतला फरक. पुन्हा सगळ्या डब्यात.

"यात ना होस्टेल, ना शिस्त, ना हवा," मोनाली म्हणाली. "नुसता डबा."

पहिल्याच खेपेला फरक निघाला चार गुणांचा. दुसऱ्या खेपेला एक. मग पाच, उलट्या बाजूने. एकदा तर चांगला आठाचा निघाला. नाजमीन ओरडली, "अरे यार, ह्या ढिगाला तर होस्टेलची पण गरज नाही!" मम्मी पोळ्या लाटता लाटता कधी येऊन जमिनीवर बसली कुणाला कळलंच नाही. वीस वेळा डबा खडखडला, आणि त्यातल्या अकरा वेळा फरक सव्वातीन किंवा त्याहून मोठा निघाला.

का निघणार नाही? जळगावातच एकाला एकवीस आणि एकाला चौऱ्याण्णव होते. धुळ्यात चोवीस आणि एक्याण्णव. एकाच वर्गातली पोरं एकमेकांपासून सत्तर-सत्तर गुण लांब, आणि सर दोन शहरांमधले सव्वातीन गुण भिंगातून दाखवत होते.

"बरोबर आहे," मम्मी म्हणाली. "मागच्या वर्षी सलग तीन महिने नवीपेठेतल्याच बायकांना भिशी लागली. म्हणून नवीपेठेची हवा न्यारी, असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे जळगाव-धुळे सारखेच, असंच ना?"

"नाही गं. सारखेच आहेत असंही नाही म्हणता येत. ह्या एका टेस्टवरून काहीच सांगता येत नाही, एवढंच."

पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, जणू आत जीवराम सर निघतील. "हे डब्याचं मला नको सांगू," ते म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. "पुढच्या महिन्यात टेस्ट आहे ना? तोवर थांबू. तेव्हाही धुळे पुढे असलं तर मुकाट्याने जायचं."

चेलना कबूल झाली. झाली खरी, पण रात्रभर तिला वाटत राहिलं की आपण आपली दोन वर्षं पुन्हा त्याच डब्यात टाकली.

महिनाभर शिखरवेधमध्ये एकच नवी गोष्ट घडली: धुळ्याप्रमाणे इथेही चपला दाराबाहेर ओळीत लावायच्या. टेस्ट झाली. निकाल आला. जळगाव ६२.१५, धुळे ५९.४०. जळगाव पावणेतीन गुणांनी पुढे!

मोनालीने तर ग्रुपवर नाचणाऱ्या बाहुल्यांची रांग लावली. आता सर काय करणार, ह्या उत्सुकतेने चेलना सभेला सगळ्यांत आधी जाऊन बसली. सरांच्या मागे पुन्हा तेच दोन खांब होते. ह्या वेळी जळगावचा उंच, पाय अर्थात कापलेलेच.

"पालकहो!" सरांनी दोन्ही हात पसरले. "जळगाव पुढे गेलं! का गेलं? कारण महिनाभर आपण इथे धुळे पॅटर्न राबवला. नुसत्या पॅटर्नने एवढं होतं, तर प्रत्यक्ष धुळ्याला राहिल्यावर काय होईल? इमॅजिन करा!"

आणि पालकांनी खरोखर इमॅजिन केलं. टाळ्या वाजायला लागल्या. चेलनाने पप्पांकडे पाहिलं. त्यांचेही हात वर आले होते.

ह्या वेळी पैज कुणी लावली नव्हती. नाजमीन तर तिचा कुर्ता मागून ओढत होती, बस, बस म्हणून. तरी ती उठली.

"सर, मागच्या महिन्यात धुळे पुढे होतं म्हणून धुळ्याला जायचं होतं. ह्या महिन्यात जळगाव पुढे आहे, तरी धुळ्यालाच जायचं. मग तुमचं चुकतंय हे तुम्हाला कळायला निकाल कसा यायला हवा होता?"

टाळ्या थांबल्या. सर प्रेमळ हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच अडकलं. मग त्यांना सुचलं.

"पोर भलती हुशार शे!" ते फेटेवाल्या आबांकडे बघून म्हणाले. "अशाच मुली आपल्याला पाहिजेत. हिला धुळ्याच्या बॅचला अर्धी फी माफ!"

पुन्हा टाळ्या. उत्तर मात्र आलं नाही. ते कुणी मागितलंही नाही. चेलनाने बाजूला पाहिलं. पप्पांनी हात खाली घेतले होते आणि ते त्या दोन खांबांच्या बुडाकडे, जिथून ते कापले होते तिथे, डोळे बारीक करून बघत होते. गिऱ्हाइकाने परत आणलेलं पातेलं बघावं तसे.

घरी आल्यावर मम्मीने पाणी दिलं. पप्पा म्हणाले, "अर्धी माफ म्हणताहेत." आवाजात पहिला जोर नव्हता. ती काय म्हणते ते ऐकायला ते थांबले होते.

"पप्पा, मम्मी, मी ठरवलंय," चेलना म्हणाली. ती बसली नाही, उभीच राहिली. "मी धुळ्याला जाणार नाही. पूर्ण फी माफ केली तरी नाही. धुळे चांगलं की जळगाव, ते मला माहीत नाही. सरांनाही माहीत नाही, पण ते तसं म्हणणार नाहीत. उद्यापासून शिखरवेधलाही जाणार नाही. दहावी शाळेत आणि घरी अभ्यास करून देईन, काही अडलं तर बारगळ बाईंना विचारीन, आणि अकरावी इथेच, जळगावात करीन. आता नाव द्यायला जाऊ नका, पप्पा. आणि सरांचा फोन आला तर माझ्याकडे द्या, मीच सांगते."