वैद्यांच्या फटफटीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण काशीत मला या नावाने कुणी ओळखत नाही. इथे मी फटफटी! अमृतराव घाटामागच्या गल्लीत, वैद्य ढुंढिराजांच्या देवडीत मी उभी असते. अंगावर गोणपाट, गोणपाटावर धूळ आणि धुळीवर झोपलेले मांजर, असा सध्या माझा थाट आहे.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडे, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात झाला. जहाजाने कलकत्त्याला आले, तिथून रेल्वेने काशीच्या छावणीत. एका गोऱ्या साहेबाने मला हवे तसे दामटले आणि विलायतेला परत जाताना विकून टाकले. वैद्यबुवांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, कालिंदीबाईंनी, माझ्या दिव्याला हळदकुंकू लावले आणि हळूच म्हटले, "बाई गं, यांना धड घरी आणत जा हो." यंत्राशी असे कुणी बोलते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. त्याच दिवशी मी या घरची झाले.

मग काय विचारता! रामनगर, शिवपूर, काशीच्या लंका मोहल्ल्यापलीकडची खेडी. जिथे घोड्याचा एक्का चिखलात रुतून बसायचा, तिथेही मी वैद्यबुवांना आणि त्यांच्या औषधांच्या पेटीला घेऊन जात असे. "बैदजी की फटफटिया आइल!" असे ओरडत पोरे धावत, आणि खाटेवरचा रोगी निम्मा तिथेच बरा होई.

पण गुणापाठोपाठ दोष असतोच. माझा दोष म्हणजे माझा आवाज. धूर बाहेर सोडायला मला दोन नळ्या, दोन्हींच्या टोकाला एकेक सायलेन्सर, आणि दोन्ही गंजून चाळणी झालेले. सोनारपुऱ्याच्या रस्त्यावरून मी गल्लीत वळले की दोन्हीकडच्या भिंती माझा आवाज झेलून परत फेकत. गल्लीतला सांडसुद्धा मला वाट देई!

आणि आमच्या माडीवर तर वेदपाठशाळा. वैद्यबुवांचे वडील, वेदमूर्ती यज्ञेश्वरशास्त्री, तिथे विद्यार्थ्यांना संथा देत. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. वेद शिकण्याचा एक जुना नियम आहे: ढग गडगडले, कोल्हा ओरडला किंवा गाढव रेकले की पाठ थांबवायचा. त्याला अनध्याय म्हणतात. दुपारी मी गल्लीत शिरले की विद्यार्थी अर्ध्या ऋचेत गप्प होत.

"गुरुजी, गडगडाट झाला!"

"आकाशात एक ढग नाही रे लबाडांनो," आबा म्हणत. "पण गाढवाचा आवाज धरायला हरकत नाही. अनध्याय! उठा, पानं मांडली असतील."

मला गाढव म्हटलेले फार लागे. बर्मिंगहॅमचे माझे कूळ, आणि ही उपमा! आबा मात्र जिना उतरून देवडीत येत, मुलाकडे एकदा नीट पाहून घेत आणि जेवायला जात. हे रोजचेच होते, म्हणून त्याचा अर्थ कुणी लावला नाही. मीही नाही.

एके दिवशी शिंदे घाटाकडचे मोठमोठे वैदिक आबांच्या शिष्यांचे पठण ऐकायला आले. शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचा अवघड घनपाठ रंगात आला होता. नेमकी त्याच वेळी मी गल्लीत शिरले आणि सवयीने सगळे विद्यार्थी एकदम थांबले. दोघे तर जेवायला म्हणून उठूनही उभे राहिले! पाहुणे पोट धरून हसले. आबांची मान खाली गेली.

संध्याकाळी त्यांनी वैद्यबुवांना बोलावले. "ढुंढी, या घरात एक तर वेद राहील, नाही तर ही फटफटी. श्रावणीच्या आत हिची व्यवस्था कर."

वैद्यबुवा रात्रभर तळमळले असावेत, कारण सकाळी त्यांनी मला पुसले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला विकावे तर लांबचे रोगी पारखे होणार, न विकावे तर वडिलांचा शब्द मोडणार. शेवटी ते मला छावणीतल्या रमजान मिस्त्रींकडे घेऊन गेले.

मिस्त्रींनी कलकत्त्याहून नवे सायलेन्सर मागवले. ते काही माझ्या जातीचे नव्हते. कुण्या दुसऱ्याच कंपनीच्या गाडीसाठी घडवलेले. त्यांचे तोंड रुंद, माझ्या नळ्या अरुंद. मिस्त्रींनी मधे पत्र्याची बाही बसवली, लोखंडी पट्टी वाकवून नवे आधार केले आणि सगळे करकचून आवळले. नव्या सायलेन्सरांच्या पोटात भोके पाडलेल्या चकत्या होत्या. आधी मला कुणी नाक दाबल्यासारखे झाले. मी दोनदा खोकून बंद पडले. मग मिस्त्रींनी कार्ब्युरेटर जुळवला, किक मारली आणि मी चक्क गुरगुरू लागले.

"लीजिए बैदजी," ते म्हणाले, "शेरनी को बिल्ली बना दिया."

श्रावणी आली नि गेली, मी घरातच राहिले. आता मी देवडीत शिरले तरी माडीवरचा पाठ अखंड चाले. आपल्यामुळे पुन्हा पाठ मोडू नये, म्हणून वैद्यबुवा पायही न वाजवता आत जात, हातपाय धुऊन जेवत आणि लगेच गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन बसत. मी मनात म्हटले, चला, सगळे सुखी झाले.

पण पाठ काही लवकर संपेना. दुपार कलली तरी आबा विद्यार्थ्यांना सोडेनात. पोरे भुकेने कासावीस होत. शेवटी त्यांना सोडून आबा तसेच वर जिन्याच्या तोंडाशी बसून राहत. कालिंदीबाई पान वाढून बोलवायला जात, तर "भूक नाही" म्हणून परत पाठवत. असे करता करता एक दिवस आबा जिना उतरताना भोवळ येऊन माझ्याच शेजारी कोसळले.

वैद्यबुवा धावत आले. त्यांनी नाडी पाहिली. "आबा, पोटात अन्न नाही तुमच्या!"

"कसं असेल?" कालिंदीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "तुम्ही गुपचूप येता नि गुपचूप जेवता. मामंजी वर तुमची वाट बघत बसतात. मी सांगते, हे येऊन गेले, तर त्यांना भरवसाच वाटत नाही!"

वैद्यबुवांनी वडिलांना उठवून भिंतीला टेकून बसवले. आबांनी नजर चुकवली.

"बरसातीतले रस्ते, ती गंगा, तो पिप्यांवरचा तरता पूल," ते पुटपुटले. "हिचा आवाज आला की कळायचं, पोर घरी आलं. मग घास उतरायचा. आता कळतच नाही रे, ढुंढी."

मित्रांनो, मला लोखंडाला रडता येत नाही, एवढेच. ज्या आवाजाला ते गाढव म्हणत, त्याच आवाजाची ते रोज वाट पाहत होते!

"आजच जुने सायलेन्सर लावून आणतो," वैद्यबुवा म्हणाले.

"खुळा आहेस. मग वेद कोण शिकवणार?" आबा उठले आणि भिंत धरत देवघरात गेले. परत आले ते पूजेची पितळी घंटा घेऊन. तेलाने बरबटलेल्या माझ्यासारख्या यंत्राला त्या सोवळ्या माणसाने आपल्या हातांनी धरले आणि नाडाछडीच्या लाल धाग्याने ती घंटा माझ्या दांड्याला बांधली.

"अहो मामंजी, आणि देवांना?" कालिंदीबाई म्हणाल्या.

"देवांना ठठेरी बाजारातल्या भांडीवाल्याकडून दुसरी आणू. घंटेनं अनध्याय होत नाही. ढुंढी, गल्लीत वळलास की वाजवायची."

त्यानंतर रोज दुपारी मी घंटा वाजवत घरी येऊ लागले. पाठ न मोडता पुरा होई आणि आबा मुलाच्या पानाशेजारी बसून पोटभर जेवत.

आता आबा नाहीत. सध्या चाललेल्या महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून वैद्यबुवा सायकलवर जातात. माझे टायर बसले, सायलेन्सरांवर पुन्हा गंज चढला. मला थोडे तेल आणि एक ओले फडके मिळाले तर हवेच आहे. जुन्या वस्तूलाही माया लागते, हे विसरू नका. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे.

वैद्यबुवा दुपारी घरी आले की जोडे काढण्याआधी माझ्या दांड्यावरची घंटा अजूनही वाजवतात. माडीकडे पाहून क्षणभर थांबतात. जिन्यावरून कुणी येत नाही. मग माझ्या टाकीवर हात ठेवून ते आत जातात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी तरी कान देऊन बसलेले असेल. ते बोलून दाखवणार नाही, वर रागावेलही. तरी घरात पाऊल टाकलेत की आधी त्यांना हाक मारा.