अप्पांनी ठोकून पाहिलेलं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणून गेलेल्या शहाण्याने जुनं घर विकत घेऊन पाहिलेलं नसणार. बांधताना निदान भिंतीच्या पोटात काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. विकत घेताना दिसतो तो फक्त रंग आणि घरमालकाचा हसरा चेहरा, आणि दोन्ही ताजे लावलेले असतात.

धाकटीला मात्र ही काळजी नव्हती, कारण तिच्याकडे अप्पा होते. अप्पा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म सुतारकामात घालवून आता ते धाकटीकडे राहत होते. लाकडावर बोटांच्या पेरांनी ठोकलं, की ते भरीव आहे की पोकळ, हे अप्पा सांगत, आणि ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घरात साधं स्टूल घ्यायचं झालं तरी अप्पांनी ठोकल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसे. थोरल्या जावयाने एकदा न विचारता पलंग आणला होता. अप्पांनी तो ठोकला आणि म्हणाले, "झोपा खुशाल, फक्त कूस बदलू नका." पलंग महिन्याभरात बसला. तेव्हापासून थोरला जावईही विचारून खरेदी करू लागला.

तेव्हा घर घ्यायचं ठरलं, तसं ते अप्पांनीच तपासायचं, हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. घर तळमजल्यावरचं होतं आणि मागे छोटी पडवी होती, तिथे अप्पांना आपली हत्यारं मांडता आली असती. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे राहायला निघालेल्या. रविवारी अप्पा पुढे आणि धाकटी, तिचा नवरा नि बाई मागे, अशी वरात खोल्याखोल्यांतून फिरली. अप्पा चौकट ठोकत, हे तिघे श्वास रोखून निकालाची वाट बघत. मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी अप्पा जरा रेंगाळले. पुन्हा एकदा ठोकलं. मग मान हलवून म्हणाले, "सागवान आहे. आपल्याला पुरून उरेल." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बाईंनी चहा टाकला.

कागदांवर सह्या व्हायला अजून काही दिवस होते. मधल्या एका दुपारी धाकटी रक्ततपासणीच्या लॅबमधली आपली ड्यूटी संपवून कपाटासाठी मापं घ्यायला गेली. मागच्या खोलीत टेप धरायला तिने खिडकीच्या चौकटीवर अंगठा टेकवला, तर अंगठा आत गेला. नव्या कोऱ्या रंगाचा पापुद्रा फाटला आणि आतून माती सांडली. मातीत पांढुरके किडे वळवळत होते. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच, आणि तमाशा चांगला रंगात आलेला होता.

धाकटीची पाचावर धारण बसली. वाळवी म्हणजे काय ते सुताराच्या मुलीला सांगावं लागत नाही. तिने भीतभीत पेरांनी चौकट ठोकली. रिकामा डबा वाजतो तशी ती वाजली. लाकडातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही कळलं असतं, आणि अप्पांनी तर ती दोनदा ठोकली होती.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. मागून हाक मारली तर अप्पा वळत नसत, आणि घरचे त्याला अप्पांचा तोरा म्हणत. फोन आला की "तूच बोल, मला कंटाळा आलाय" म्हणत. बातम्या बघताना टीव्हीचा आवाज बंद ठेवत आणि वर म्हणत, "सगळे तेच तेच बोलतात, ऐकायचं काय?" घरातले हसत. अप्पांना ऐकू येत नव्हतं आणि एका घरात राहून तिला त्याचा पत्ता नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, अप्पांनी बघितलंय ना? मग आता कसली शंका काढतेस?" धाकटीने मापांचं काहीतरी सांगून फोन ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ अप्पांनी किती काळ झाकून धरली होती कोण जाणे. न सांगावं तर वाळवीसकट घर गळ्यात पडणार होतं. सांगावं तर अप्पा पुन्हा म्हणून लाकडाला हात लावणार नाहीत, याची तिला खात्री होती. घर काय, दुसरं मिळालं असतं.

तिने मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढणाऱ्यांचं जे होतं तेच तिचंही व्हायचं होतं, पण ते पुढे. तिने वाळवीचं औषध मारणारा एक माणूस गाठला. गोलमटोल, बोलका गृहस्थ होता आणि वाळवीबद्दल तो नव्या जावयाबद्दल बोलावं तसं अदबीने बोलत असे. "तिचा मला राग नाही हो ताई," तो म्हणाला, "तिच्यावरच माझी चूल पेटते." धाकटीने त्याला पढवलं, "माझ्या वडिलांसमोर एवढंच म्हणा, की हे वरून कळण्यासारखं नव्हतं." "म्हणतो की, त्यात काय," औषधवाला म्हणाला. घरी तिने सांगितलं, की सह्यांआधी अशी तपासणी सगळेच करून घेतात. अप्पा लगेच उठले. "मीही येतो," म्हणाले, आणि चपला घालून दाराशी जाऊन उभेही राहिले.

मागच्या खोलीत औषधवाल्याने स्क्रूड्रायव्हर चौकटीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि भसाभस भुगा पडला. "अगंबाई, मी गेल्याच महिन्यात रंग दिलाय," बाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. औषधवाल्याने घसा साफ केला. आपल्या कामात तो चोख होता, पण खोटं बोलायचा सराव त्याला नव्हता. तो छताकडे बघत म्हणाला, "हे वरून कळण्यासारखं नव्हतंच. कोणाच्या बापाला कळलं नसतं."

"काय म्हणतोय हा?" अप्पांनी विचारलं.

धाकटी अप्पांच्या समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "वरून कळण्यासारखं नव्हतं, म्हणतात."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू अशी समोर येऊन बोलायला कधीपासून लागलीस?"

गेले काही दिवस ती प्रत्येक वाक्य त्यांच्या समोर जाऊन बोलत होती आणि हे तिच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"तुला कळलंय तर," अप्पा म्हणाले. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर ते बसले. "मला ऐकू येत नाही. झालं वर्ष, जास्तच. ओठ बघून भागवतो."

"मग ठोकलंत कशाला, अप्पा?"

"सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होतात. काय सांगणार होतो? बाकीच्या चौकटी डोळ्यांनीच बघितल्या. या चौकटीला हाताला काहीतरी निराळं लागलं. पुन्हा ठोकलं, तरी उमगेना. मग सागवान म्हणून मोकळा झालो." त्यांनी रुमालाने चेहरा पुसला. "त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही. रोज ठरवायचो, आज सांगतो, आणि ताटावर बसलो की तोंड उघडायचं ते फक्त घासापुरतं. तू औषधवाल्याला बोलावलंस तेव्हा वाटलं, देव पावला. मी न बोलताच चोर पकडला जाईल."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ हसूही आलं. बापलेक दोघंही एकाच घरात, एकाच गोष्टीपायी, एकमेकांपासून लपत फिरत होते.

"पण मला एक सांग," अप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला होता. "मी बहिरा, ते ठीक. त्या दिवशी तू होतीस, जावईबापू होते, या बाई होत्या. धडधाकट सहा कान होते खोलीत. तुम्ही काय करत होतात?"

बाईंनी उगाच पदर सारखा केला. खरं म्हणजे चौकट त्या दिवशीही डब्यासारखीच वाजली होती आणि तो आवाज तिघांच्याही कानांवर पडला होता. पण अप्पा असताना आपण कशाला ऐकायचं, अशी सगळ्यांना सवय लागलेली. धाकटी म्हणाली, "चुकलंच, अप्पा." याहून खरं काही तिला सुचलं नाही.

औषधवाला एवढ्यात घरभर फिरून, माळ्यावर चढून नि फरशीवर पालथा पडून परत आला. छताकडे न बघता बोलायचं असल्यामुळे तो खुशीत होता. मागच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं, तिथला नळाचा पाइप आतल्या आत झिरपत होता आणि त्या ओलीवर वाळवीने संसार थाटला होता. ही खिडकी आणि शेजारचं दार, एवढंच तिचं राज्य. बाकी घर कोरडं होतं. पाइप बदला, भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध भरू, दोन चौकटी काढून नव्या बसवा, की झालं. ते सगळं ताबा द्यायच्या आधी करून द्यायला बाई एका पायावर तयार झाल्या. "चौकटी मी करून देतो," अप्पा म्हणाले. "रंधा मारायला कान लागत नाहीत." धाकटीला इतकं हलकं वाटलं, की ती तिथेच भुग्यात फतकल मारून बसली.

"बसतेस काय? ऊठ," अप्पा म्हणाले. "याच्या तपासणीवर माझा भरवसा आहे, पण लाकूड राहिलंय. मी ठोकतो, तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"भरीव आणि पोकळ, दोनच गोष्टी आहेत. पोकळ कशी वाजते ते तुला आता जन्मभर विसरायला होणार नाही."

पहिल्या दोन दारांशी धाकटी चाचरली. तिसऱ्या दाराशी तिने आपण होऊन कान चौकटीला लावला. स्वयंपाकघराच्या दाराशी ती म्हणाली, "थांबा, खाली पुन्हा ठोका," आणि अप्पांनी निमूटपणे वाकून पुन्हा ठोकलं. इतकी वर्षं त्यांना पुन्हा ठोका म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेवटी पुढचं दार आलं. अप्पांनी तीन ठिकाणी ठोकलं.

"भरीव," धाकटी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, अप्पा."

अप्पांनी हात खाली घेतला आणि खिशात घातला. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, "घर घेतोय आम्ही. माझ्या मुलीने तपासलंय."